एकाच घरातील संगणक आणि फाइलींची देवघेव : अडथळ्यांच्या निदानाची पद्धती

बोलींच्या अभ्यासकाची सामग्री एके काळी वह्यांत आणि शब्दपत्रिकांत साठविलेली असे. आज ती संगणकांत असते, आणि बहुधा एकाहून अधिक संगणकांत विखुरलेली असते. नागपुरात राहून पूर्वेकडील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतील झाडीबोलीची आणि पश्चिमेकडील वऱ्हाडीची सामग्री जमविणाऱ्या संशोधकाच्या घरची मांडणी पुष्कळदा अशी आढळेल : खालच्या खोलीत विंडोज एक्सपीवर चालणारा जुना संगणक, ज्यात पंधरावीस वर्षांपूर्वी टंकलेली शब्दसूची आहे, अभ्यासिकेत नवा लॅपटॉप, घरातील दुसऱ्या कोणाचा तरी मॅक अथवा लिनक्सचा संगणक, आणि राउटरला जोडलेली एक सामाईक डिस्क, जिच्यावर ध्वनिमुद्रणे ठेवली जातात. सर्वांना इंटरनेट मिळते. तरीही लॅपटॉपवरून दुसऱ्या यंत्रातील फोल्डर उघडू गेल्यास 'नेटवर्क पाथ सापडला नाही' अशा अर्थाची सूचना येते आणि प्रयत्न तेथेच थांबतो.

मग पेन ड्राइव्हचा आश्रय घेतला जातो. हा उपाय निरुपद्रवी वाटतो. परंतु पाठचिकित्सेचा परिचय असलेल्यांना त्यातील धोका सांगावयास नको. शब्दसूचीची एक प्रत खालच्या संगणकात, दुसरी लॅपटॉपवर, तिसरी पेन ड्राइव्हवर. एकीत व्युत्पत्ती दुरुस्त केलेल्या, दुसरीत भंडाऱ्याच्या नव्या नोंदी घातलेल्या. वर्षभरात तीन प्रतींचे तीन पाठ होतात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराला महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्यास १९१९ ते १९६६ इतका काळ लागला, तो अनेक शतकांतील लेखनिकांच्या प्रतींमुळे. स्वतःच्याच शब्दसूचीचे पाठभेद लावीत बसण्याचा प्रसंग संशोधकावर येऊ नये, एवढ्यासाठी तरी संगणकांमधील ही देवघेव सुरळीत चालणे अगत्याचे आहे.

या बाबतीत मुख्य अडचण अशी की, संगणकाची सूचना एक असते आणि तिच्यामागे कारणे मात्र भिन्न असतात. दुसऱ्या यंत्रापर्यंत पोहोचताच आले नाही. पोहोचता आले असते, परंतु त्याचे नाव उलगडले नाही. नाव उलगडले, परंतु परस्परांची भाषा जुळली नाही. भाषा जुळली, परंतु प्रवेशाचा अधिकार नाही. हे चार प्रश्न याच क्रमाने विचारावयाचे असतात. कारण पहिल्याचे उत्तर नकारार्थी असताना चौथ्यावर घेतलेले श्रम वाया जातात. बहुसंख्य लोक नेमके चौथ्यापासून आरंभ करतात : फोल्डर 'सर्वांना' खुला करतात, फायरवॉल बंद करतात, आणि दोष जिथल्या तिथे राहून घर तेवढे उघडे पडते.

प्रथम पोहोचण्याचा प्रश्न. घरातील प्रत्येक यंत्रास राउटर एक अंकात्मक पत्ता देतो. तो बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. विंडोजमध्ये 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिल्यास तो दिसतो. पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राउटरने पत्ता दिलेलाच नाही, यंत्राने तो स्वतःच घेतला आहे, असे समजावे आणि तारेकडे किंवा वायफायकडे पाहावे. दोन यंत्रांचे पत्ते समोरासमोर मांडल्यावर एक गोष्ट पुष्कळदा नजरेस येते : एकाचा तिसरा अंक १ आहे, तर दुसऱ्याचा ०. सामान्य घरगुती मांडणीत याचा अर्थ असा की, घरात जाळे एक नसून दोन आहेत. दुमजली घरात हा प्रकार विशेष आढळतो. फायबर जोडणी देणाऱ्या कंपनीची पेटी खाली असते. वर वायफाय पोहोचत नाही म्हणून बाजारातून दुसरा राउटर आणून तिला जोडला जातो, आणि तो आपल्यापुरते वेगळे जाळे निर्माण करतो. अशा मांडणीत वरच्या मजल्यावरील लॅपटॉप खालच्या संगणकापर्यंत पत्त्याने पोहोचू शकतो, खालचा मात्र वरच्यापर्यंत पोहोचत नाही. हा एकमार्गी व्यवहार न कळल्यामुळे लोक तासन्‌तास खालच्या यंत्राची तपासणी करीत बसतात. वरच्या राउटरला 'ॲक्सेस पॉइंट' या पद्धतीने चालविले की दोन्ही जाळी एक होतात. पाहुण्यांसाठी असलेल्या 'गेस्ट' वायफायवर जोडलेल्या यंत्राचीही अशीच गत होते. त्याला इंटरनेट मिळते, शेजारच्या यंत्राशी बोलण्याची मुभा नसते.

येथे 'पिंग' या आज्ञेविषयी सावधगिरीची सूचना देणे प्राप्त आहे. पिंगला उत्तर आले तर मार्ग मोकळा आहे हे निश्चित. उत्तर आले नाही तर काहीच निश्चित होत नाही, कारण विंडोजची फायरवॉल पिंगला उत्तर देण्याचे नाकारू शकते. फाइलींची देवघेव ४४५ या क्रमांकाच्या द्वारातून चालते. तेव्हा तेच द्वार उघडे आहे की नाही हे 'टेस्ट-नेटकनेक्शन' या आज्ञेने पाहणे अधिक निर्णायक होय. द्वार बंद असल्यास बहुधा यंत्राने घरातील जाळ्याला 'पब्लिक', म्हणजे रेल्वेस्थानकावरील जाळ्यासारखे परके, मानलेले असते. तेवढी एक निवड 'प्रायव्हेट' अशी करावी आणि फाइल शेअरिंगला परवानगी द्यावी. संपूर्ण फायरवॉल बंद करण्याचे कारण नाही.

दुसरा प्रश्न नावाचा. नाव आणि पत्ता या भिन्न वस्तू आहेत, आणि नावावरून पत्ता काढण्याचे काम घरगुती जाळ्यात कोणा एका अधिकृत कोशाकडे नसते. प्रत्येक यंत्र आपले नाव स्वतःच पुकारते आणि इतरांनी ते ऐकावे अशी अपेक्षा असते. जुन्या विंडोजमध्ये यंत्रांपैकी एक यादीचे काम पाही. ती व्यवस्था आता मोडीत निघाली आहे. त्यामुळे 'नेटवर्क' या शीर्षकाखाली यंत्र दिसत नाही, यावरून ते पोहोचण्याजोगे नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरते. पत्त्याच्या जागी दोन उलट्या तिरप्या रेघा काढून पुढे सरळ १९२.१६८.१.७ असा जो काय असेल तो अंक लिहावा. फोल्डर उघडला तर दोष केवळ नावाचा आहे. नव्या विंडोजमध्ये अशा वेळी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' नामक सेवा चालू आहे ना, हे पाहावे. यंत्राने आपले अस्तित्व जाहीर करणे हे तिचे काम, आणि ती थांबलेली पुष्कळदा आढळते.

नावांची आणखी एक खोच अशी की, जुन्या नेटबायॉस पद्धतीत यंत्राच्या नावाची पहिली १५ रोमन अक्षरेच विचारात घेतली जातात. 'भाषाविज्ञान-संशोधन-१' आणि 'भाषाविज्ञान-संशोधन-२' अशी नावे रोमन लिपीत हौसेने ठेवल्यास त्या पद्धतीच्या दृष्टीने ती एकच नाव होतात. यंत्रांची नावे आखूड, रोमन आणि आरंभापासूनच भिन्न ठेवावीत. वीज जाऊन आल्यानंतर राउटर त्याच यंत्राला दुसरा अंक देण्याचा संभव असतो. म्हणून अंकावर कायमचे विसंबावयाचे असल्यास तो अंक त्या यंत्रासाठी राउटरमध्ये राखून ठेवावा.

तिसरा प्रश्न भाषेचा, आणि भाषावैज्ञानिकास तो सर्वांत रोचक वाटेल. फाइलींच्या देवघेवीसाठी जी संवादपद्धती वापरली जाते तिला एसएमबी म्हणतात. आयबीएममधील बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी तिची मूळ रचना केली. पुढे मायक्रोसॉफ्टने ती वाढविली. तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांना तांत्रिक वाङ्मयात 'डायलेक्ट', म्हणजे बोली, हीच संज्ञा आहे. संपर्क साधणारे यंत्र प्रथम आपल्याला येणाऱ्या बोलींची यादी पाठविते. दुसरे यंत्र तिच्यातील, आपल्यालाही येणारी, सर्वांत नवी बोली निवडते आणि पुढील सर्व व्यवहार तिच्यात होतो. एकही बोली समाईक नसल्यास संवाद सुरूच होत नाही. संज्ञा आकर्षक असली तरी ती यथार्थ मात्र नाही. बोली एकाच काळी नांदतात आणि त्यांच्यात उच्चनीचता नसते. एसएमबीच्या आवृत्त्या कालक्रमाने एकीमागून एक आलेल्या आहेत आणि नवी आली की जुनी त्याज्य ठरते. त्यांना भाषेच्या ऐतिहासिक अवस्था म्हणणे अधिक युक्त झाले असते.

या पद्धतीचा लिनक्स आणि तत्सम यंत्रांत जो प्रवेश झाला त्याची हकीकत क्षेत्रीय भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्याने जाणून घेण्यासारखी आहे. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत अँड्र्यू ट्रिजेल हे १९९१-९२ च्या सुमारास संशोधक विद्यार्थी असताना त्यांना ही संवादपद्धती हवी होती; तिचे व्याकरण मात्र हाती नव्हते. त्यांनी दोन यंत्रांमधील संभाषण मध्येच टिपून घेतले, कोणत्या प्रश्नास कोणते उत्तर येते हे नोंदविले आणि त्यावरून नियम बसविले. पुढे आपल्या पद्धतीचे वर्णन करताना त्यांनी फ्रेंच उपाहारगृहाचा दृष्टांत दिला : पुस्तक नाही, शिक्षक नाही, कोपऱ्यात बसून गिऱ्हाईक काय म्हणते आणि वाढपी काय आणून ठेवतो हे टिपत राहिल्यास पावाला व कॉफीला काय म्हणतात ते अखेर कळते. एकभाषिक क्षेत्रकार्याचे याहून नेमके वर्णन क्वचितच सापडेल. त्यांच्या आज्ञावलीचे पुढचे नाव 'साम्बा'. तेही संगणकातील शब्दसूचीत एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने येणारा शब्द शोधून घेतलेले. लिनक्सवर चालणाऱ्या बहुतेक सामाईक डिस्का आज याच साम्बाच्या आधाराने विंडोजशी बोलतात.

विंडोज एक्सपीला एसएमबीची पहिलीच अवस्था येते. तिच्यातील एका दोषाचा फायदा घेऊन मे २०१७ मध्ये वॉनाक्राय आणि जूनच्या अखेरीस नॉटपेट्या हे दोन उपद्रव जगभर पसरले. दुसऱ्यामध्ये न्हावा शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमधील आवृत्तीपासून विंडोज १० मधून ही अवस्था क्रमाने वगळली जाऊ लागली; साम्बानेही २०१९ च्या ४.११ या आवृत्तीपासून तिला आपण होऊन प्रतिसाद देणे थांबविले. जुना संगणक काल बोलत होता आणि नवा लॅपटॉप आल्यावर बोलेनासा झाला, याचे कारण बहुधा हेच असते. या ठिकाणी सर्वत्र सुचविला जाणारा उपाय म्हणजे नव्या यंत्रात जुनी अवस्था पुन्हा चालू करणे. तो करू नये. एका शब्दसूचीसाठी घरातील सर्व यंत्रे त्या जुन्या दोषासमोर उभी करणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे. एक्सपीची डिस्क काढून ती यूएसबी जोडणीच्या साह्याने नव्या यंत्रास लावावी, तिच्यातील सर्व फाइली एकदाच सामाईक डिस्कवर उतरवून घ्याव्यात आणि त्या जुन्या संगणकाला जाळ्याबाहेर काढावे.

चौथा प्रश्न अधिकाराचा. येथे संगणकाच्या सूचनांतील क्रमांक उपयोगी पडतात, आणि शब्दांपेक्षा त्यांच्यावर विश्वास ठेवणे श्रेयस्कर. 'नेट यूज' या आज्ञेने फोल्डर जोडू पाहिल्यास ५३ हा क्रमांक आला तर अडचण अद्याप पहिल्या तीन प्रश्नांत आहे. खिडकीत येणारा ०एक्स८००७००३५ हा लांबलचक क्रमांकही तोच होय. शेवटचे ३५ हे षोडशमानातील अंक दशमानात ५३ होतात. ६७ आला तर यंत्र सापडले, फोल्डरचे नाव मात्र चुकले. १३२६ म्हणजे नाव अथवा पासवर्ड अमान्य. ५ म्हणजे ओळख पटली, परंतु अधिकार नाही. इतका स्पष्ट भेद हाती असता लोक सूचनेतील मजकुराचाच अर्थ लावीत बसतात.

१३२६ चे कारण पुष्कळदा गमतीचे असते. लॅपटॉप उघडताना जो चार आकडी पिन दिला जातो तो त्या यंत्रापुरताच असतो. दुसऱ्या यंत्रावरून येताना तो चालत नाही, खात्याचा खरा पासवर्ड द्यावा लागतो, आणि तो पुष्कळांना आठवत नसतो. ज्या खात्याला पासवर्डच ठेवलेला नाही त्याला जाळ्यावरून प्रवेश नाकारला जातो. सरळ मार्ग असा की, ज्या यंत्रात फाइली आहेत त्यात केवळ या कामासाठी एक वेगळे स्थानिक खाते पासवर्डसह निर्माण करावे आणि इतर यंत्रांवरून तेच वापरावे. ५ या क्रमांकाच्या संदर्भात लक्षात ठेवावयाची गोष्ट ही की, विंडोजमध्ये अधिकार दोन ठिकाणी दिलेले असतात : एक जाळ्यावरील फोल्डरला, दुसरे डिस्कवरील फोल्डरला, आणि दोहोंपैकी जे कठोर ते लागू होतात. फाइल वाचता येते परंतु दुरुस्ती साठविता येत नाही, हे लक्षण दिसल्यास त्या दोहोंपैकी एका जागी केवळ वाचनाची परवानगी आहे असे समजावे.

२०२४ च्या अखेरीस आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ या आवृत्तीनंतर या प्रश्नाला नवे वळण लागले. तिच्या प्रो प्रकारात ओळख न देता 'गेस्ट' म्हणून प्रवेश करणे बंद झाले. त्यामुळे राउटरला लावलेली, पासवर्ड नसलेली डिस्क एका सकाळी उघडेनाशी होते. त्या वेळी येणारी सूचना अशा अर्थाची असते की, आपल्या संस्थेच्या सुरक्षा-धोरणाने हा प्रवेश अडविला आहे. घरी बसलेल्या मनुष्यास ही संस्था कोणती, असा प्रश्न पडल्यास नवल नाही. धोरण बदलण्याच्या खटपटीत न पडता राउटरच्या मांडणीत जाऊन त्या डिस्कला नाव व पासवर्ड द्यावा.

चारही प्रश्न सुटून फाइल उघडल्यानंतर मराठीपुरता एक पाचवा प्रश्न उरतो, आणि तो इंग्रजीत लिहिलेल्या मार्गदर्शिकांत आढळत नाही. जुन्या संगणकातून आलेली शब्दसूची उघडताच पडद्यावर रोमन अक्षरे व चिन्हे यांची खिचडी दिसते आणि फाइल वाटेत बिघडली असा समज होतो. दोन्हीकडील फाइलींची बाइटसंख्या ताडून पाहावी; ती सारखी असल्यास जाळ्यावर आरोप करण्यास सहसा जागा नाही. युनिकोडपूर्व काळातील अनेक मराठी फाँटांत रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकृत्या बसविलेल्या असत. फाँट गेला की आकृत्या गेल्या, आणि खालचे रोमन संकेत उघडे पडले. रूपांतर करणाऱ्या आज्ञावली मिळतात; परंतु ऱ्हस्व वेलांटी आणि रफार यांच्या बाबतीत त्या चुका करतात, म्हणून मूळ फाइल कधीही पुसू नये.

फाइलींची नावे हा त्याहून फसवा भाग आहे. विंडोज नावाची लांबी संकेतचिन्हांत मोजते, तर लिनक्सवरील नित्याची डिस्क बाइटांत मोजते. मर्यादा दोन्हीकडे २५५ चीच. देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेते. म्हणजे लिनक्सच्या डिस्कवर ८५ चिन्हांतच नाव संपते. येथे चिन्ह म्हणजे अक्षर नव्हे. 'स्त्री' या एकाच अक्षरात सहा चिन्हे व १८ बाइट आहेत. गाव, निवेदकाचे वय, विषय, दिनांक हे सर्व नावातच लिहिण्याची सवय असलेल्या संशोधकाची ध्वनिमुद्रणे लॅपटॉपवर नांदतात आणि सामाईक डिस्कवर जाण्यास नकार देतात, त्याचे कारण हे. विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकण्याची सार्वत्रिक सवयही येथे नडते. लिनक्सवर 'दु:ख' अशा नावाची फाइल ठेवता येते. विंडोजला नावात ते चिन्ह वर्ज्य आहे, म्हणून साम्बा तिचे नाव मोडून काही अगम्य आखूड नाव पुढे करतो.

सर्वांत घातक प्रकार 'वऱ्हाडी' या साध्या शब्दात दडलेला आहे. त्यातील अर्धा ऱ् तीन प्रकारांनी लिहिला जाऊ शकतो : ०९३१ या संकेतांकाचा स्वतंत्र ऱ आणि हलन्त, साधा र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह, किंवा र, खालचा नुक्ता आणि हलन्त. पहिले दोन कळफलकाच्या भेदाने उत्पन्न होतात. तिसरा मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस या डिस्करचनेतून येतो. ती जोडलेली चिन्हे सुटी करून ठेवीत असे, आणि मॅकवर बांधलेल्या झिप-फाइलींतून तशी नावे इतरत्र पसरतात. पडद्यावर तिन्ही सारखीच दिसतात. लिनक्सच्या डिस्कला मात्र ती तीन निरनिराळी नावे वाटतात. पहिले २१ बाइटांचे, उरलेली दोन २४ बाइटांची. पहिले आणि तिसरे युनिकोडच्या प्रसामान्यीकरणाने एक करता येतात. दुसरे त्या प्रक्रियेत जसेच्या तसे राहते आणि ते वेगळे शोधून बदलावे लागते. 'ॲ' या अक्षराचीही अशीच कथा आहे. त्याला स्वतंत्र संकेतांक २००८ च्या युनिकोड ५.१ मध्ये मिळाला, त्यापूर्वीच्या फाइलींत तो अ आणि चंद्र असा दोन चिन्हांनी लिहिलेला सापडतो.

सामाईक डिस्कवर 'वऱ्हाडी' नावाचे दोन फोल्डर शेजारीशेजारी दिसले की मनुष्य एक पुसतो. पुसलेल्या फोल्डरात अचलपूरकडील नव्या नोंदी असतात आणि उरलेल्यात मागील वर्षीची प्रत. म्हणून पुसण्यापूर्वी दोहोंमधील फाइलींची संख्या, आकारमान आणि शेवटच्या बदलाचा दिनांक ताडून पाहावा, जे एकातच आहे ते दुसऱ्यात उतरवावे, आणि यापुढे फोल्डरची नावे घरातील सर्वांनी एकाच कळफलकावरून टंकावीत.